एक नाणं खरं निघालं म्हणून अख्खी पिशवी खरी नसते

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

सोन्याचा भाव असा चढलाय की स्वस्तात कुठं मिळतंय म्हटलं की माणूस लगेच कान टवकारतो, आणि नेमकं हेच हेरून आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात लोकांना गंडवणारे फिरतायत. फोन येतो, घराचा पाया खणताना जुन्या नाण्यांचा हंडा सापडलाय, आम्ही गरीब माणसं, दुकानात नेलं तर पोलीस धरतील, तुम्हीच निम्म्या भावात घ्या. एक-दोन नाणी हातात देतात आणि म्हणतात, जावा, पाहिजे त्या सराफाला दाखवा. सराफ कसोटीच्या दगडावर घासून कस लावतो, सोनं चोख निघतं, कारण ती नाणी खरोखरच सोन्याची असतात! मग पैसे घेऊन लांब कुठंतरी माळावर बोलावतात आणि पिशवी देतात ती मुलामा दिलेल्या पितळेची.

माझं कळकळीचं सांगणं आहे की नमुन्यावर जाऊ नका, प्रत्येक नाणं तपासल्याशिवाय एक रुपयाही सोडू नका. लोहचुंबक लावून काही कळत नाही, पितळ पण चुंबकाला चिकटत नाही. नुसता कस लावला तरी वरचा थर जाड असेल तर फसायला होतं, मशीनवर टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढला तरी ते मशीन पण वरवरचंच बघतं. खरी परीक्षा वजनाची आणि मापाची. आपल्याकडं जुन्या घरात गिनी असते बघा, ब्रिटिश सॉव्हरिन, ती २२ कॅरेटची, वजन ७.९८८ ग्रॅम, व्यास २२.०५ मिलीमीटर. तेवढ्याच मापाची पितळेची केली तर ४ ग्रॅमसुद्धा भरत नाही, आणि वजन जुळवायला गेलं तर जाडी दुप्पट होते, हाताला लगेच जाणवते. पाण्यात पण बघता येतं, काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून शून्य करायचं, नाणं दोऱ्यानं पाण्यात बुडेल असं धरायचं पण तळाला टेकू द्यायचं नाही, खऱ्या गिनीला काटा ०.४५ ग्रॅमच्या आसपास दाखवतो, तेवढ्याच वजनाच्या पितळेला ०.९ च्या वर. दोन मिनिटांचं काम आहे हो.

आणि समजा हंडा खरंच सापडला असला तरी तो असा विकता येत नाही, गुप्तधन सापडलं की सरकारला कळवायचं असा कायदाच आहे. म्हणजे घेणारा पण अडकतो, आणि म्हणूनच फसलेली माणसं पोलिसांत जायला घाबरतात, लेकीच्या लग्नाला साठवलेला पैसा गेला तरी गप्प बसतात. तसं करू नका, लगेच ११२ ला फोन लावा.

शहापूर आणि खडेबाजारातल्या सराफ मंडळींना हात जोडून विनंती आहे की कुणी नाणं घेऊन आलं तर नुसता कस लावून पाठवू नका, बाकीची नाणी कुठं आहेत तेवढं विचारा, आणि दुकानात काट्याशेजारी गिनीचं वजन-माप मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहून लावा.

आपला,
एक वाचक, खानापूर तालुका