सिलिंडर घेऊन येतेय

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

माझी जुनी मोटारसायकल आता पूर्ण सुटी झाली आहे. फ्रेम स्टँडवर आहे, चाकं भिंतीला टेकवलीत, इंजिनाचे भाग टेबलावर ओळीने मांडलेत आणि कुठला बोल्ट कुठून निघाला ते लिहिलेल्या पिशव्या वरच्या फळीवर आहेत. फोनवर यातलं काही धड सांगून होत नाही. आई "हाताला लागलं नाही ना?" इथून सुरुवात करते आणि बाबा मधूनच फोन मागतात. म्हणून लिहायला बसले. शिवाय मला तुम्हा दोघांकडून एकेक काम करून हवं आहे आणि ते सविस्तर सांगितल्याशिवाय मागणं बरं नाही.

आई, तू मागे विचारलंस की जुन्या गाडीत एवढा जीव घालण्यापेक्षा नवी का नाही घेतलीस. तेव्हा मी विषय टाळला, आता सांगते. नवी गाडी मला चालवता येईल, पण तिच्यात हात घालता येणार नाही. काही बिघडलं की ती आधी कॉम्प्युटरला जोडावी लागते. ही यामाहा एक्सटी ५००, १९७६ साली बाजारात आलेलं मॉडेल. एकच सिलिंडर, ४९९ सीसी, फोर-स्ट्रोक. पुढचं चाक २१ इंची, मागचं १८, दोन्हीकडे ड्रम ब्रेक. इंजिन हवेवर थंड होतं, गाडी किकने सुरू होते, आणि जे काही आहे ते डोळ्यांना दिसतं आणि पान्याने सुटतं. थिएरी साबीन नावाच्या फ्रेंच माणसाने १९७८च्या डिसेंबरात पॅरिस ते डाकार अशी पहिली रॅली काढली. सुमारे १०,००० किलोमीटर अंतर, मध्ये सहारा वाळवंट. त्या पहिल्या खेपेला मोटारी आणि मोटारसायकली एकाच यादीत मोजल्या होत्या आणि सगळ्यांत पहिला आला सिरिल नवू, एक तरुण मुलगा, याच एक्सटी ५००वर. पुढच्या वर्षी मोटारसायकलींत पुन्हा तोच जिंकला. वाळूत गाडी बंद पडली तर तिथेच बसून उघडता येईल, असं यंत्र होतं ते. माझ्या टेबलावर आज तेच यंत्र पसरलेलं आहे, आणि त्यातला एकही भाग असा नाही की ज्याचं काम बाबा एका वाक्यात सांगू शकणार नाहीत.

उघडायला मात्र वेळ लागला. इंजिनाची कव्हरं अ‍ॅल्युमिनियमची आणि त्यातले स्क्रू पोलादी. ओल लागली की हे दोन धातू एकमेकांना धरून बसतात. त्यात आधीच्या कुणीतरी स्क्रूंची डोकी खाऊन टाकलेली. जपानी गाड्यांचे स्टार स्क्रू दिसायला फिलिप्ससारखे असले तरी त्यांची खाच जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाची असते. फिलिप्सचा ड्रायव्हर त्यात तळापर्यंत बसत नाही, जोर लावला की वर चढतो आणि खाच गोल करून टाकतो. मी जेआयएसचे बिट मागवले, गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू दिलं, कव्हरला हॉट एअर गनने शेक दिला आणि मग इम्पॅक्ट ड्रायव्हरवर हातोडीचा एकच नेमका ठोका. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून शेक दिल्यावर पकड सैल होते. स्क्रू सुटताना "टक्" असा कोरडा आवाज येतो. बाबा, तो आवाज तुम्हाला माहीत आहे.

फ्रेमचं काम नाजूक निघालं. या गाडीला तेलाची वेगळी टाकी नाही, इंजिनाचं तेल फ्रेमच्या नळ्यांमध्येच साठतं. पंप ते तिथून ओढतो, इंजिनभर फिरवतो आणि परत फ्रेममध्ये पाठवतो. त्यामुळे रंगासाठी फ्रेम देताना फार सांभाळावं लागतं. जुना रंग उडवायला वाळूचा मारा करतात, आणि त्यातली चिमूटभर वाळू जरी नळीत राहिली तरी ती थेट बेअरिंगपर्यंत जाते. इंजिन नवंकोरं बांधायचं आणि पहिल्याच आठवड्यात ते आतून घासून काढायचं, अशी गत. मी तेलाची सगळी तोंडं बोल्ट आणि रबरी बुचं लावून बंद केली, मगच फ्रेम पाठवली. परत आल्यावर रॉकेलने, मग गरम साबणाच्या पाण्याने, मग पुन्हा रॉकेलने धुतली, हवा मारली आणि बाहेर पडणारं रॉकेल दर वेळी पांढऱ्या फडक्यातून गाळलं. फडक्यावर काहीच उरेना तेव्हा थांबले. बांधणी करण्याआधी आणखी एकदा धुणार आहे.

आता बाबांचं काम.

सिलिंडर बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा, आत बिडाचा लायनर. मूळ बोअर, म्हणजे आतला व्यास, ८७ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ८४. तुम्ही शिकवलंत तसं वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं असं दोन्हीकडे माप घेतलं. खाली बोअर जवळजवळ गोल आहे. वर मात्र पुढे-मागे माप जास्त येतंय, म्हणजे पिस्टन ज्या बाजूला रेलतो त्या बाजूला झीज आहे. वरच्या टोकाला रिंग क्षणभर थांबून उलट फिरते, तिथे तेलाचा थर टिकत नाही, म्हणून ती जागा सर्वांत आधी जाते, हे तुमचंच सांगणं. त्याशिवाय एक्झॉस्टच्या बाजूला एक उभा ओरखडा आहे. समोरून बघितलं तर दिसत नाही. सिलिंडर दिव्याखाली तिरका धरला की केसासारखी रेघ चमकते आणि त्यावरून नख आडवं फिरवलं की अडकतं.

प्रश्न असा आहे की मूळ मापापेक्षा पाव मिलिमीटर मोठा, +०.२५चा पिस्टन घ्यायचा की अर्धा मिलिमीटर मोठा, +०.५०चा. ०.२५मध्ये तो ओरखडा पूर्ण निघून गेला तर उत्तम, पुढे कधी लागलं तर बोअर करायला लायनर शिल्लक राहील. नाही निघाला तर तो पिस्टन वाया आणि काम दोनदा. पिस्टन आधी हातात घेऊन, तो मोजून, त्याच्या मापाला सिलिंडर बोअर करायचा आहे, म्हणजे निर्णय आधीच व्हायला हवा. बोअर करणारा माणूस चांगला आहे, पण तो मी सांगेन ते माप काढून देईल. काय सांगायचं ते मला तुमच्याकडून हवं आहे.

गेल्या वेळी तुम्ही म्हणालात, हात थरथरतो, आता मायक्रोमीटर धरवत नाही, माझा काय उपयोग. बाबा, ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. सिलिंडरचं आतलं माप घेणारा बोअर गेज मी धरते, मी डोलवते. तुम्ही फक्त डायलवर नजर ठेवा. काटा खरोखर कुठून परत फिरला आणि कुठे माझा हात हलल्यामुळे फिरल्यासारखा वाटला, हा फरक तुम्हाला बघता क्षणी कळतो. मला अजून प्रत्येक वेळी तीन-चारदा मोजून सरासरीवर यावं लागतं. इतकी वर्षं मशिनवर उभं राहून तुमच्या डोळ्यांत जे आलंय, ते कुठल्याही सर्व्हिस मॅन्युअलमध्ये छापलेलं नाही, आणि या एका निर्णयासाठी मला तेच लागणार आहे.

तर तुमचा ७५-१०० मिलिमीटरचा मायक्रोमीटर आणि तो ज्यावर जुळवून घेतात तो ७५चा मास्टर लाकडी पेटीतून बाहेर काढून ठेवा. पुसून, हलकं तेल लावून. मी आले की सिलिंडर आणि मायक्रोमीटर एकाच खोलीत रात्रभर ठेवू, दोन्ही सारख्या तापमानाला आले की सकाळी मोजू. पंख्याखाली किंवा उन्हाच्या बाजूला नको.

स्विंगआर्मचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याचे, बुशही तुम्हालाच विचारायचे आहेत. जुने इतके झिजलेत की मागचं चाक हाताने धरून हलवलं तर डावी-उजवीकडे खेळतं. फॉस्फर ब्राँझचे काढते, लेथवर मी करेन, पण ड्रॉइंग तुम्ही करून द्या. बाहेरचा फिट किती घट्ट ठेवायचा, प्रेस केल्यावर आतला व्यास किती आवळेल आणि शेवटी रीमर फिरवून भोक नेमक्या मापाला आणण्यासाठी किती माल सोडायचा, एवढं एका कागदावर. आकडे मोठे काढा, अक्षर वाकडं आलं तरी चालेल.

आई, आता तुझं.

सीट. खालचा पत्रा साफ करून, गंज काढून, रंगवून तयार आहे. फोम नवा कापून घेतला. राहिलं कव्हर. तयार कव्हर मिळतात, मी एक मागवूनही पाहिलं, पण पुढच्या बाजूला टाकीला टेकतं तिथे ते फुगतं आणि शिवण वाकडी दिसते. अख्ख्या गाडीत हात लागतो तो हँडलला आणि अंग टेकतं ते सीटला. तिथे मला कामचलाऊ काही नको आहे.

जुनं कव्हर मी उसवून ठेवलंय. वरचा लांब तुकडा, दोन बाजू आणि मागची पट्टी, असे चारही भाग वेगळे केलेत. रेक्झिन ताणलं गेलंय, त्यामुळे ते तसंच्या तसं बेतायला घेतलं तर नवं कव्हर सैल बसेल. कुठे किती कमी करायचं हे तू हाताने चाचपून ठरवशील, ब्लाउजची बाही बसवताना ठरवायचीस तसं. नवं रेक्झिन मी आणते. दोरा पॉलिएस्टरचा, जाड. टाका मोठा ठेवायचा, चारेक मिलिमीटरचा, कारण बारीक टाक्याने रेक्झिनला ओळीने भोकं पडतात आणि ते तिथेच फाटतं. प्रेसर फूटखाली रेक्झिन चिकटून पुढे सरकत नाही, त्यासाठी टेफ्लॉनचा फूट मिळाला तर बघते, नाहीतर वर पातळ कागद ठेवून शिवता येतं, मागाहून फाडून टाकायचा. शिवणीच्या दोन्ही बाजूंना वरून एकेक टीप मारायची आहे. मूळ कव्हरला तशी होती, आणि त्याने शिवण आत सपाट बसते. ओढून बसवायच्या आधी कव्हर थोडा वेळ उन्हात ठेवलं की मऊ पडतं. ते ओढायचं काम माझं, तू फक्त कुठे सुरकुती राहतेय ते सांग.

तुझी काळजी मला कळते, म्हणून हेही लिहून ठेवते. या गाडीची किक पायावर उलटते असं कुणीतरी तुला सांगितलंय. उलटू शकते, घाईने मारली तर. पण त्यासाठी डाव्या हाताला एक छोटी डीकम्प्रेशन लिव्हर दिलेली आहे. ती दाबून किक हळूच खाली न्यायची. सिलिंडर हेडवर एक छोटी काच आहे, त्यात चकचकीत खूण आली की लिव्हर सोडायची, किक पुन्हा वर येऊ द्यायची आणि मग थ्रॉटलला हात न लावता एकदाच, पूर्ण, तळापर्यंत मारायची. पिस्टन योग्य जागी असला की जोर फारसा लागत नाही. पायात घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट असतातच. आणि ब्रेकच्या ड्रममधली जुनी धूळ मी हवा मारून उडवली नाही. त्या काळच्या ब्रेक शूमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, म्हणून मास्क लावून ओल्या फडक्याने पुसून घेतली आणि फडकं पिशवीत बंद केलं. रंगाचं काम मी घरी करतच नाही. दोन भाग मिसळून मारतात त्या रंगाच्या वाफा साध्या मास्कने अडत नाहीत, ते ज्यांच्याकडे सोय आहे त्यांच्याकडे.

सगळं चकचकीत करायचं नाही, हे मी ठरवून टाकलंय. सायलेन्सरच्या गार्डवरचे ओरखडे, फूटरेस्टचे झिजलेले दात, हे तसंच ठेवते. कुणीतरी ही गाडी दगडाधोंड्यांतून खरोखर चालवली होती, आणि मलाही ती चालवायचीच आहे, दिवाणखान्यात उभी करायची नाही. जे सुरक्षिततेचं आहे, म्हणजे ब्रेक, बेअरिंग, आरे, केबल, टायर, ते सगळं नवं किंवा नव्यासारखं. दिसण्याचं आहे ते वयाप्रमाणे राहू दे.

पुढच्या महिन्यात येते. आई, आधी तुझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख पक्की करून मला कळव, मी त्याच वेळी रजा टाकते. डॉक्टर शिवणकामाला हो म्हणतील तेव्हाच सीट हातात घ्यायची, तोवर रेक्झिन कपाटात राहील. मशिनला १८ नंबरची सुई बसते का तेवढं बाबांकडून बघून घे, मी लेदरची सुई त्याच मापाची आणेन. बाबा, सिलिंडर जड आहे, मी स्वतःबरोबरच आणते, पार्सलने पाठवत नाही. मायक्रोमीटरचा रॅचेट अडखळतो असं तुम्ही म्हणाला होतात. तो तुम्ही उघडू नका, मी आल्यावर दोघं मिळून बघू.

तुमची,
धाकटी