जानेवारीपासून पैसे कमी का येतात

पिट्सबर्ग, २२ मार्च २०२६

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

पाडव्याला फोनवर बाबांनी विचारलं, "पगार कापला का गं?" मागून आईचा आवाज आला, "राहू द्या, कशाला विचारता तिला." आई, विचारलं ते बरंच झालं. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

पगार होता तेवढाच आहे. माझ्यासारख्या जे-१ व्हिसावरच्या संशोधकांना पहिली दोन कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी (इथली सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणीचा सरकारी आरोग्य विमा) यांची कपात नसते. मी आले १७ ऑगस्ट २०२४ ला, पण तेवढ्यासाठीही अख्खं वर्ष धरतात. म्हणजे दोन वर्षं डिसेंबरातच संपली आणि जानेवारीपासून ७.६५ टक्के कापायला लागले. बाबा, हे तुमच्या पीएफसारखं नाही, जाताना काढून घेता येत नाही. पेन्शनला साधारण दहा वर्षं नोकरी लागते, आणि भारताशी तसा करार नसल्यामुळे इथली वर्षं तिकडे धरली जात नाहीत. ते पैसे गेलेच समजा.

इन्कम टॅक्सचं वेगळं आहे. काल रात्री जेवणाचं टेबल पुसून सगळे कागद मांडले. पासपोर्टातला शिक्का बघून फॉर्म ८८४३ वर, म्हणजे इथे राहिल्याचा हिशोब द्यायच्या फॉर्मवर, दिवस लिहिले: २०२४ चे १३७, २०२५ चे ३६५. तुम्ही फॉर्म १६ तपासायचात तसे पेन्सिलीने टिक करत दोनदा मोजले. १०४०-एनआर, म्हणजे परदेशी लोकांचा टॅक्स रिटर्न, पण भरत आणलाय, मुदत १५ एप्रिल.

पेन्शनचा नसला तरी टॅक्सचा भारत-अमेरिका करार आहे, त्यातल्या कलम २२ मुळे मला फेडरल, म्हणजे केंद्राचा टॅक्स माफ आहे. (पेनसिल्वेनिया ते मानत नाही, राज्याचे ३.०७ टक्के जातातच.) पण इथे मात्र आल्या तारखेपासून मोजतात; मुक्काम दोन वर्षांच्या वर गेला, तर ही माफी पहिल्या दिवसापासून रद्द होते आणि मागचा सगळा टॅक्स भरावा लागतो. सर आणखी एक वर्ष थांब म्हणतायत. माझं अजून ठरत नाहीये, म्हणून तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवलीय आणि तिला हात लावत नाही.

पण आई, तुझ्या गुडघ्याचे पैसे त्यात नाहीत. ते मी नोव्हेंबरातच बाजूला काढलेत. पैसे कमी आले म्हणून तू ऑपरेशन पुढे ढकलणार, हे मला इथे बसून कळतं. तसं करू नकोस. बाबा, या आठवड्यात डॉक्टरांकडून तारीख घ्या आणि मला लगेच कळवा, म्हणजे सुट्टी टाकता येईल.

तुमची,
मनू