काचेखालचा जीव

सांगली,
रविवार रात्र

प्रिय दिलीप,

दिवसभर भिंगाला डोळा लावून कंटाळत नाहीस का, असं तू विचारलंस तेव्हा फोनवर हसून टाळलं. आज निवांत लिहितो.

मंगळवारी एक वेट माउंट, म्हणजे काचपट्टीवरचा ओला नमुना, लावला. सलाइनचा थेंब, त्यात स्वॅब फिरवला, वर कव्हरस्लिप. पसातल्या पांढऱ्या पेशींच्या गर्दीत नासपतीच्या आकाराचा एक जीव शेपट्या झटकत, गचके खात चाललेला. ट्रायकोमोनास, योनिमार्गाला संसर्ग करणारा एकपेशीय परजीवी. नमुना गार झाला की हा पठ्ठ्या निपचित पडतो आणि पांढऱ्या पेशींत हरवतो. म्हणून आल्या आल्या बघायचा.

हाच जीव १८३६ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड दोने या डॉक्टरनं पहिल्यांदा पाहिला. तेव्हा तिथल्या बड्या वैद्यांचा सूक्ष्मदर्शकावर भरवसाच नव्हता. भिंगातलं म्हणजे नजरेचे खेळ! यानं पदरच्या पैशानं वीस सूक्ष्मदर्शक घेतले आणि वर्ग सुरू केले. ज्याला शंका, त्यानं येऊन बघावं. चित्र काढलं तर लोक म्हणणार, चित्रकारानं मनचं भरलं. म्हणून फुको नावाच्या तरुण मदतनिसाला घेऊन त्यानं भिंगातून दिसणाऱ्या दृश्याचे दागेरोटाइप, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर उमटणारे त्या काळचे फोटो, काढले. पुढे लंबक टांगून पृथ्वी फिरते हे दाखवणारा फुको, तोच हा. १८४५च्या त्यांच्या अ‍ॅटलासात अशी ८६ चित्रं आहेत. गंमत म्हणजे दागेरोटाइप पुस्तकात छापता येईना, त्यामुळे शेवटी त्यावरून हातानं कोरूनच छापावी लागली. माणसाचा हात टाळायला निघाला आणि पुन्हा हातावरच आला बिचारा.

एका पेशंटच्या रक्तात पांढऱ्या पेशी इतक्या की दोनेला वाटलं, पूच मिसळलाय. ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, अगदी पहिल्या नोंदींतली ही एक, पण नाव झालं १८४५ला लिहिणाऱ्या बेनेट आणि फिरखो या डॉक्टरांचं. प्लेटलेट्सही त्यानं १८४२ मध्ये टिपल्या. त्या पचलेल्या अन्नरसातून येतात असं समजला, एवढंच. चुकला तर चुकला, पाहिल्या तर होत्या!

तर मंगळवारी मी शिकाऊ पोरीला हाक मारली. ती म्हणाली, "सर, काहीच दिसत नाही." कंडेन्सर, म्हणजे काचेखालचं उजेड गोळा करणारं भिंग, जरा खाली घेतला, उजेड कमी केला. मिनिटभर गप्प. मग खुर्चीतूनच उडाली, "सर, हललं!"

दिवाळीत ये. तुझ्याच रक्ताचा थेंब दाखवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुरेश