दत्तक मुलं आणि नववीचा गृहपाठ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दत्तक प्रक्रियेवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. ‘कारा’च्या (दत्तक प्रक्रिया पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या यंत्रणेच्या) पोर्टलवरची नोंदणी, लांबलचक प्रतीक्षायादी, सप्टेंबर 2022 पासून न्यायालयाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणारा दत्तक आदेश, हे सगळं त्यात नीट आलं आहे. पण मूल घरी आल्यावर ज्या शाळेत त्याचा निम्मा दिवस जातो, तिचा साधा उल्लेखही नाही. मी एका अनुदानित शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते, म्हणून हे पत्र.

मूल घरी आल्यापासून दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी, दत्तक संस्थेकडून पाठपुरावा होतो. तान्हं बाळ घरी आलं असेल तर ते बालवाडीत जायच्या सुमारास हा पाठपुरावा संपतो. पुढचं आईवडील आणि शिक्षकांनी आपसात बघायचं, आणि नेमके तेच एकमेकांशी बोलत नाहीत. शाळेत कळलं की मुलाला चिडवतील, असं पालकांना वाटतं. भीती अगदीच खोटी नाही. शिक्षकांच्या खोलीत गोष्टी कशा पसरतात हे मला चांगलं ठाऊक आहे. पण लहान शहरात किराणावाल्यापासून रिक्षावाल्या काकांपर्यंत सगळ्यांना माहीत असतंच. माहीत नसतं ते वर्गशिक्षकाला, आणि कधीकधी खुद्द मुलाला.

नववीच्या विज्ञानात ‘आनुवंशिकता व परिवर्तन’ हा पाठ आहे. त्यावर ठरलेला गृहपाठ असा: जीभ कोणाकोणाला गोल वळवता येते, कानाची पाळी सुटी की चिकटलेली, घरातल्यांचं बघून तक्ता करून आणा. जमल्यास आईबाबांचे रक्तगटही लिहा. आपण दत्तक आहोत हे माहीत असलेलं मूल तक्ता कोरा आणतं, नाहीतर मनाने भरून देतं. आणि ज्याला सांगितलेलंच नाही, त्याचं काय? आईचा ओ, बाबांचा ओ आणि आपला एबी, हे कोडं हुशार मुलाला घरी पोचायच्या आत सुटतं. ही गोष्ट आईवडिलांच्या तोंडून, तीही अगदी लहानपणापासून कळायला हवी. ती विज्ञानाच्या वहीतून कळावी, यासारखी वाईट वेळ नाही.

गंमत म्हणजे हा गृहपाठ शास्त्राच्या दृष्टीनेही कच्चा आहे. एकाच बीजातून जन्मलेल्या जुळ्यांपैकी एकाला जीभ वळवता येते आणि दुसऱ्याला येत नाही, असंही होतं, हे 1952 पासून माहीत आहे. म्हणजे पोटच्या मुलाच्या घरातही हा तक्ता उगाच संशयाचं पिल्लू सोडू शकतो. माझ्या वर्गात हा तक्ता फळ्यावर होतो. साठ मुलं एकमेकांचे कान बघतात, भरपूर हसतात आणि मग टक्केवारी काढतात. रक्तगटासाठी मी काल्पनिक कुटुंबं देते. पाठ तोच, नमुना मोठा, आणि कोणाच्याही घरात डोकवावं लागत नाही. प्राथमिकला वंशवेल आणि ‘तान्हेपणीचा फोटो आणा’ यांच्या जागी ‘माझ्या घरातली माणसं’ चालून जाईल.

सात-आठ वर्षांचं मूल घरी येतं तेव्हा प्रश्न वेगळे असतात. पोर्टल देशभराचं असल्याने मूल दुसऱ्या राज्यातूनही येतं. मराठीचा गंध नसतो, आणि इथे तर मराठी सक्तीची. असं मूल सातच्या पाढ्यात अडकतं, पण ‘येत नाही’ म्हणायला घाबरतं. डब्यातली अर्धी पोळी दप्तराच्या तळाशी लपवून ठेवतं. बाईंना ते खोटारडं वाटतं, आईबाबांना मागे पडलेलं वाटतं, आणि लगेच शिकवणी लागते. माझं मत विचाराल तर पहिलं वर्षभर शिकवणीचं नावही काढू नये. त्या मुलाला संध्याकाळी आईबाबा हवे असतात, पाढे नंतर येतात. शाळेने पहिल्या सत्रात गृहपाठ कमी करावा. पालकांनी संस्थेकडून मिळालेली माहिती वर्गशिक्षकाला द्यावी: आधी कुठली भाषा होती, कितवीत होता, कशाला दचकतो. एवढं पुरे. जन्मदात्यांची कहाणी शाळेला सांगायची गरज नाही, ती मुलाच्या मालकीची आहे. मूल मोठं असेल तर शाळेत काय सांगायचं हे त्यालाच विचारावं.

वय वाढलेलं असूनही अशा मुलांना खालच्या इयत्तेत बसवण्याकडे शाळांचा कल असतो, आणि बरेचदा पालकही मान डोलावतात. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 4 नुसार शाळेत कधीच न गेलेल्या किंवा शाळा अर्धवट सुटलेल्या मुलालाही वयानुसार वर्ग मिळतो आणि बाकीच्यांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्क मिळतो. तो मागून घ्यावा.

कागदपत्रांबद्दलही थोडं. एका शाळेच्या दाखल्यावर शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने ‘दत्तक’ लिहिलेलं मी पाहिलं आहे. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 63 प्रमाणे दत्तक आदेशानंतर ते मूल सर्व अर्थांनी त्या आईवडिलांचंच असतं. तो दाखला मूल पुढे कॉलेजात, नोकरीत सगळीकडे दाखवणार. असा शेरा दिसला तर पालकांनी मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करून नवा दाखला मागावा.

आणि मुलाने वर्गात खोडी काढली की ‘शेवटी रक्त कुठलं’ म्हणणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना विचारावंसं वाटतं, बाकीच्या एकोणसाठांच्या खोड्यांचं काय?

शिक्षकांच्या प्रशिक्षणांत मोबाइल ॲपवर तासच्या तास जातात. त्यातला एक तास जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या अधिकाऱ्यांना द्यावा, अशी शिक्षण विभागाला विनंती. नववीचा तो गृहपाठ बदलण्याचा विषय मी तालुक्यातल्या विज्ञान शिक्षकांच्या पुढच्या बैठकीत मांडणार आहे. इतर तालुक्यांतल्या शिक्षकांनीही मांडावा.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका, सांगली