चालतेय म्हणजे चालेलच असे नाही

संपादक महोदय,

सायकलने कामावर जाण्याचे फायदे सांगणारा मजकूर वर्तमानपत्रांत वरचेवर येतो. पण सकाळी निघताना सायकलीत काही मोडलेले दिसले, तर तिच्यावर बसायचे की ती घरी ठेवायची, हे कोणी सांगत नाही. मग ‘चालतेय ना, चला’ एवढ्यावर निर्णय होतो. मोडायला आलेला भागही मोडेपर्यंत चालतच असतो! पाहायचे ते हे, की तो भाग हळूहळू सैल होणारा आहे की एका झटक्यात सुटणारा. आणि पुढचा आहे की मागचा. मागचे चाक बिघडले तर बहुधा पाय टेकायला क्षणभर मिळतो. पुढचे चाक, चिमटा (पुढचे चाक धरणारा दुहेरी दांडा) किंवा हँडल सुटले तर माणूस सरळ तोंडावर पडतो.

सगळ्यात नेहमीचा प्रश्न तुटलेल्या स्पोकचा. गिअरच्या सायकलीत तो बहुतेक वेळा मागच्या चाकाचा आणि फ्रीव्हीलच्या, म्हणजे चेन ज्या दातेरी चकत्यांवर चालते त्या बाजूचा असतो, कारण त्या बाजूचे स्पोक जास्त उभट आणि जास्त ताणलेले असतात. तुटतो तो हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, अडकतो त्या वाकणापाशी. ३६ स्पोकच्या चाकात एक गेला तर सावकाश कामावर जाता येते. २४ किंवा त्याहून कमी स्पोकच्या चाकात एकानेच रिम इतकी आऊट (वाकडी) होते की टायर फ्रेमला घासू शकतो. ते चाक चालवू नये. निघण्याआधी तुटलेला तुकडा काढा, निघत नसेल तर शेजारच्या स्पोकला गुंडाळा. चाक उचलून फिरवा. ब्रेक शूला घासत असेल तर तुटलेल्याच्या दोन्ही बाजूंचे स्पोक (ते हबच्या दुसऱ्या बाजूला जातात) अर्धा-अर्धा आटा सैल करा, रिम बरीचशी जागेवर येते. घासणे थांबवायला ब्रेकच ढिला करून ठेवणे हा मात्र मूर्खपणा. कॅरिअरवर ओझे नको. शेजारी-शेजारी दोन तुटले असतील किंवा पुढच्या चाकाचा तुटला असेल, तर सायकल हातात धरून न्या. आणि एक बदलल्यावर थोड्या दिवसांत दुसरा तुटला तर नशिबाला दोष देऊ नका. सगळे स्पोक सारखेच थकलेले असतात. पूर्ण चाक नव्या स्पोकांनी बांधून घ्या.

तडा ही वेगळी गोष्ट. खालची नळी हँडलच्या नळीला जिथे जोडलेली असते ती जागा, पायडलच्या एक्सलभोवतीचा भाग आणि मागचे चाक बसते तो खाचा, ही तीन ठिकाणे पुसून पाहा. रंगाचा ओरखडा आहे की तडा, हे ओळखायची जुनी युक्ती आहे: पातळ तेल लावा, थोडा वेळ थांबा, कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा आणि वर खडूची पूड किंवा टाल्कम पावडर भुरभुरा. तडा असेल तर आत मुरलेले तेल बाहेर येऊन पावडरीवर काळपट रेघ उमटते. पोलादी फ्रेम बहुधा कुरकुरून, वाकून आधी सांगते. ॲल्युमिनियमची तेवढी सूचना देत नाही. चिमटा, हँडल किंवा हँडलच्या दांड्याला तडा दिसला, किंवा धडकेनंतर चिमटा मागे दबला असेल, तर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही बसून जाऊ नये. तडा गेलेला चिमटा वेल्डिंग करून वापरणारे आहेत. त्यांना काय म्हणावे!

ब्रेकची तार तुटते ती बहुधा लिव्हरच्या आत, तारेच्या टोकाच्या गोळीपाशी, जिथे आपण कधी पाहत नाही. एक जरी धागा सुटलेला दिसला तरी तार बदला. सायकलीशेजारी उभे राहून पुढचा ब्रेक पूर्ण दाबा आणि सायकल पुढे रेटा: मागचे चाक उचलायला हवे आणि लिव्हर हँडलला टेकता कामा नये. ‘मागचा ब्रेक आहे ना’ यावर निघू नका. फक्त मागच्या ब्रेकने थांबायला साधारण दुप्पट अंतर लागते.

क्रँक (पायडलचा दांडा) डुगडुगत असेल तर धोका पडण्याचा कमी, नुकसानीचा जास्त. चौकोनी एक्सलवर सैल क्रँक चालवत राहिले की त्याचे चौकोनी भोक गोल होते, मग बोल्ट कितीही आवळा, तो पुन्हा ढिला होतो. निघण्याआधी आवळा, पाना नसेल तर ढकलत न्या. झिजलेल्या चेनला एवढे घाबरायचे कारण नाही. २४ कड्या मोजा. नव्या चेनमध्ये त्या ३०४.८ मिमी भरतात. ३०६.५ च्या आसपास गेल्या तर चेन बदलायची वेळ झाली, ३०८ झाल्या तर फ्रीव्हीलचे दातही गेले समजा. अशी चेन सहसा तुटत नाही, पण उभे राहून जोर लावला की घसरते. बसून, हलक्या गिअरवर जा. टायरला फुगवटा आला असेल किंवा कापातून धागे दिसत असतील, तर तो बदलूनच निघा, पुढचा असेल तर हुज्जत नको.

स्पोक तुटला तर तुकडे फेकू नका. ते जोडून लांबी मोजली की दुकानदाराला नेमके माप सांगता येते, आणि गिअरच्या मागच्या चाकात डाव्या-उजव्या बाजूंचे स्पोक साधारण १ ते ३ मिमीने वेगळे असतात, म्हणून कोणत्या बाजूचा होता तेही सांगा.

आपला,
एक सायकल कारागीर