गांजाची बरणी फ्रीजमध्ये ठेवू नका, आणि पाकीट फेकू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला गांजावरचा लेख वाचला आणि त्यावर आलेली दोन पत्रंपण वाचली. एका पत्रात ही संजीवनी आहे, दुसऱ्यात अख्खी पिढी वाया चाललीय. दोघांनाही माझा नमस्कार, त्या भांडणात मला पडायचंच नाहीये. मला बोलायचंय ते बरणीबद्दल, कारण एका बरणीने मला वयाच्या साठीत अॅम्ब्युलन्समध्ये झोपवलं होतं.

झालं असं की माझी मावसबहीण राहते तिथे हे सगळं कायदेशीर आहे. तिची केमो चालू होती, मळमळ कशानेच थांबेना म्हणून तिच्या डॉक्टरांनी टीएचसी असलेल्या जेलीच्या गोळ्या चालतील असं सांगितलेलं. (टीएचसी म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक. केमोच्या मळमळीवर त्याची कॅप्सूलपण मिळते, हे काही घरगुती खूळ नव्हे.) मी तिच्याकडे राहायला गेलेलो. दुपारी फ्रीज उघडला तर काचेच्या बरणीत लाल-हिरव्या गोळ्या, दोन खाल्ल्या, बऱ्या लागल्या म्हणून टीव्ही बघताबघता अजून दोन. तासभर काही नाही. दीड तासाने छातीत इतकं धडधडायला लागलं की मला वाटलं आटोपलं, हा हार्ट अटॅकच. घड्याळाचा काटा हलेना, तोंडाला कोरड, आणि भाची समोर बोलतेय ते कळतंय पण वाक्याच्या शेवटापर्यंत सुरुवात विसरायला होतंय. बहिणीने एकच प्रश्न विचारला, "दादा, त्या बरणीतलं काही खाल्लंस का तू?"

हॉस्पिटलमध्ये पहिला प्रश्न होता किती मिलिग्रॅम? आणि ते कोणालाच सांगता येईना, कारण सुटसुटीत राहावं म्हणून तिने गोळ्या पाकिटातून काढून बरणीत भरल्या होत्या आणि पाकीट कचऱ्यात. एक गोळी अडीचची की दहाची की अजून कितीची, कोणाला माहीत. यावर उतारा म्हणून काही औषध नाही, नाडी-बीपी बघत, धीर देत, उतरायची वाट बघायची. मला रात्रभर ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत डोकं जड होतं. मी धडधाकट माणूस म्हणून हसण्यावारी गेलं. त्याच घरात बहिणीची तीन वर्षांची नात येते-जाते, तिचा हात त्या कप्प्याला आरामात पोचतो. त्या दिवशी ती नव्हती एवढंच.

म्हणून मूळ मुद्दा. खायच्या प्रकारातला माल मूळ पाकिटातच ठेवायचा, लेबलासकट, आणि ते पाकीट कुलपाच्या डब्यात. फ्रीजमध्ये नाही, खाऊच्या कपाटात नाही, पर्समध्ये नाही, उशाशी नाही. मुलांना उघडता येणार नाही असं झाकण असतं ना, असं लोक म्हणतात, पण ते झाकण मुलाला उशीर लावतं, थांबवत नाही. उंच फळीचंपण तेच, चार वर्षांचं पोर खुर्ची ओढून कुठे चढेल सांगता येत नाही. कुलूपच हवं आणि किल्ली त्याच ड्रॉवरमध्ये टाकून ठेवली तर कुलपाचा उपयोग शून्य. मुलांसमोर ते खाऊ नका, आणि त्याला 'गोळी', 'चॉकलेट' असं लाडाने म्हणूही नका, औषधच म्हणा. पाहुणे येणार असतील, मूल सांभाळायला कोणी येत असेल, तर त्यांना आधी सांगून ठेवा, लाज वाटली तरी.

लहान मुलाच्या पोटात गेलं तर आधी ते पेंगतं, तोल जातो, चालताना लडबडतं, आणि डोस जास्त असेल तर श्वास मंद होतो, बेशुद्धपण होतं. मुलांच्या बाबतीत हे हसण्यावारी न्यायचंच नाही. उलटी काढायला बघू नका, मिठाचं पाणी-बिणी पाजू नका. विषबाधेची हेल्पलाइन असेल तर फोन करा, श्वास नीट नसेल किंवा मूल उठत नसेल तर थेट अॅम्ब्युलन्स, आणि पाकीट सोबत न्या. डॉक्टरशी खोटं बोलू नका. काय खाल्लं हे माहीत नसेल तर ते बिचारे मेंदूज्वर, डोक्याला मार असं सगळं शोधत बसतात, मुलाला नको त्या सुया टोचल्या जातात.

कुत्र्याचंही सांगतो, कारण हे कोणीच लिहीत नाही. कुत्र्यांना टीएचसी माणसापेक्षा जास्त बाधतं, पार्टीनंतर अॅशट्रेतलं थोटूक खाल्लं तरी त्रास होतो. पाय लटपटतात, बसल्याबसल्या डुलतं, हात जवळ नेला की दचकतं, आणि लघवी गळत राहते. त्यात गांजाचं चॉकलेट असेल तर चॉकलेटचं विष वेगळं. जनावरांच्या डॉक्टरला खरं सांगा, त्याला उपचार करायचे असतात.

आता वापराबद्दल, कारण ज्याला घ्यायचंय तो घेणारच आहे. ओढला तर काही मिनिटांत कळतो, साधारण दोन-चार तासांत उतरतो. खाल्ला की गणित बदलतं. पोटातून तो लिव्हरमध्ये जातो, तिथे टीएचसीचं दुसऱ्या एका रूपात रूपांतर होतं आणि ते मेंदूवर जास्त जोरात काम करतं. अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत कधीही चढतो, भरल्या पोटी अजून उशिरा, आणि आठ-बारा तास राहू शकतो. बहुतेक जण इथेच फसतात, माझ्यासारखे. "काहीच होत नाहीये" म्हणून अजून एक, आणि मग दोन्ही एकदम अंगावर येतात. नवख्या माणसाने अडीच मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, आणि त्या दिवशी पुन्हा हात लावायचा नाही, मग कितीही कंटाळा येवो. अंदाज यावा म्हणून सांगतो, कॅनडात कायद्याने खायच्या मालाच्या अख्ख्या पाकिटात दहाच मिलिग्रॅम टीएचसी चालतं. आणि घरी केलेल्या केकचा तर भरवसाच नाही, एका तुकड्यात सगळं, दुसऱ्यात काहीच नाही.

दारूबरोबर घेऊ नका, दोन्ही मिळून त्रास खूप वाढतो. गाडी चालवायची असेल तर ओढल्यावर किमान सहा तास, खाल्ल्यावर त्याहून बरेच जास्त, आणि मी म्हणेन त्या दिवशी किल्ली दुसऱ्याकडेच द्या, कारण आपण ठीक आहोत हे आपल्याला वाटणं हाच त्याचा गुण आहे. जास्त झालंच तर शांत खोली, पाणी, कुशीवर झोपणं, सोबत एक शुद्धीतला माणूस. छातीत दुखलं, श्वास लागला, माणूस भ्रमात गेला तर घरी बसू नका. आणि तो धूर छातीत कोंडून ठेवायचा प्रकार सोडा हो, टीएचसी पहिल्या काही सेकंदांतच शोषलं जातं, पुढे आत राहतो तो डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड.

व्हेपची काडतुसं (ई-सिगारेटसारख्या यंत्रात बसवून गांजाच्या तेलाची वाफ ओढतात ती) अनोळखी माणसाकडून घेणं तर नकोच. 2019 मध्ये अमेरिकेत याच भानगडीत फुफ्फुसाच्या आजाराची साथच आली, 2800 च्या वर लोक हॉस्पिटलमध्ये, फेब्रुवारी 2020 पर्यंत 68 मृत्यू. तेलात भेसळ म्हणून टाकलेलं व्हिटॅमिन ई अॅसिटेट हे त्याचं मुख्य कारण निघालं. अंगाला लावायला चालतं ते फुफ्फुसाला चालत नाही.

गांजाची सुकी फुलं ठेवायची तर हवाबंद काचेची बरणी, अंधारात, गार आणि कोरड्या जागी. उजेड, उष्णता आणि हवा लागली की टीएचसीचं हळूहळू सीबीएन नावाच्या सौम्य घटकात रूपांतर होतं, जोर कमी होतो. प्लास्टिकच्या पिशवीत चिवडा होतो. बरणीतली आर्द्रता साधारण 55 ते 62 टक्के असावी, त्यासाठी छोट्या पुड्या मिळतात, नाहीतर एकतर भुगा होतो नाहीतर बुरशी. फ्रीजमध्ये दार उघडझाप करताना दव धरतं, म्हणून तिथे तर नाहीच. बुरशी म्हणजे पांढरी भुकटी किंवा जाळी, ओल्या तळघराचा वास. असं दिसलं की अख्खी बरणी फेका, जाळून बुरशी मरेल या भरवशावर राहू नका. केमो चाललेल्या, प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला ही बुरशी फुफ्फुसात जाऊन जिवावर बेतू शकते, माझ्या बहिणीला तिच्या डॉक्टरांनी ओढायचं नाही हे पहिल्याच दिवशी बजावलेलं. फेकतानासुद्धा उघड्या कचऱ्यात नको, कुत्री-पोरं आहेत.

काहींनी मात्र हात लावूच नये. घरात स्किझोफ्रेनिया किंवा सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं) असलेले, हृदयाचे पेशंट, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या, आणि पंचविशीच्या आतले, कारण मेंदू तोपर्यंत घडतच असतो. रोज आणि कडक माल घेणाऱ्यांना सायकोसिसचा धोका जास्त, हे आता नीट दिसलंय. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तिचा परिणाम वाढतो, तपासणी करणाऱ्या डॉक्टरला सांगा, आणि ऑपरेशनआधी भूल देणाऱ्यालापण सांगा. अजून एक विचित्र गोष्ट, मळमळीवरचंच हे औषध वर्षानुवर्षं रोज घेणाऱ्या काहींना उलट्यांचाच आजार लावतं. 2004 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी तो नोंदवला. ओळखायची खूण म्हणजे माणूस दिवसातून दहा वेळा कढत पाण्याने अंघोळ करत बसतो, तेवढ्यापुरतं बरं वाटतं म्हणून. गांजा पूर्ण सोडला की थांबतं, बाकी कशाने फारसं नाही.

कायद्याचं म्हणाल तर ठिकाण बदललं की कायदा बदलतो आणि आपण राहतो तिथला माहीत असणं आपलंच काम. दोन्हीकडे चालत असलं तरी सीमा ओलांडून नेणं चालत नाही, त्या मोहात पडू नका. जिथे गुन्हा आहे तिथे हे करा असं माझं म्हणणं नाहीच. पण तिथेही कोणाच्या तरी पोराच्या पोटात हे जाऊ शकतं, म्हणून मधला हॉस्पिटलचा भाग सगळ्यांसाठीच.

तेव्हा संपादक साहेब, एवढंच करा, गांजावर पुढचा लेख छापाल तेव्हा बाजूच्या चौकटीत विषबाधेच्या हेल्पलाइनचा नंबर छापा, आणि पाकीट जपून ठेवा ही एक ओळ. बाकी संजीवनी की विष ते वाचक ठरवतील.

बहिणीकडे आता पत्र्याची पेटी आहे, किल्ली तिच्या गळ्यात, पाकिटाच्या पाठीवर तारीख, वेळ आणि किती घेतलं ते लिहिलेलं. आणि त्या जुन्या काचेच्या बरणीवर भाचीने कागद चिकटवलाय, "मामा, यात आता खरंच खडीसाखर आहे." मी तरी विचारूनच घेतो.

आपला,
एक जुना वाचक