मिरजेच्या दातांच्या लॅबवाल्या काकांना, एका चाकाबद्दल

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

परवा रात्री सव्वाअकरा वाजता माझी प्लॅस्टिकची छोटी गाडी सहाही चाकांवर उभी राहिली. सपाट काचेवर ठेवून बघितली, एकही चाक अधांतरी नाही. लगेच तुम्हाला फोन लावणार होतो, पण तुम्ही नऊला झोपता असं काकू म्हणाल्या होत्या. मग मला काही झोप येईना, म्हणून हे लिहायला घेतलं. तुमचं नाव कुठे घालू नकोस असं तुम्ही बजावलंय, ते पाळतो. पत्र मात्र चारचौघांनी वाचावं म्हणून उघडच लिहितोय.

ही गाडी आमच्या घरात आली कुठून, ते त्या दिवशी घाईत सांगायचं राहिलं. माझे गुहागरचे मामा मालवाहू बोटीवर होते. मी आठवीत असताना त्यांनी जपानमधल्या योकोहामाहून टामिया कंपनीचं एक किट आणलं, सुटे भाग जोडून छोटी गाडी करायचं. खोक्यावर निळी रेसची गाडी, आणि तिला पुढे चार, मागे दोन अशी सहा चाकं. वर्गात सांगितलं तर कोणी विश्वास ठेवेना. सगळे म्हणाले, अशी गाडी नसतेच, खेळण्यात काय वाट्टेल ते करतात. मी रडकुंडीला येऊन मामांना विचारलं. ते म्हणाले, "खरी आहे. शर्यत जिंकलेली आहे."

खरीच होती. टिरेल या संघाची पी-३४. डेरेक गार्डनर या डिझायनरने काढलेली. पुढची चाकं दहा इंची केली की ती पुढच्या विंगच्या आड लपतात आणि वारा कमी अडतो. पण चाक लहान झालं की रस्त्यावरची पकडही कमी होणार, म्हणून दोनाच्या जागी चार. १३ जून १९७६ ला स्वीडनमध्ये अँडरस्टॉर्पला जोडी शेक्टर पहिला आला आणि पॅट्रिक देपाये दुसरा, दोघंही याच गाडीत. सहा चाकांच्या गाडीने फॉर्म्युला वनमध्ये जिंकलेली ती एकुलती एक शर्यत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जपानला, फुजीच्या पावसात, देपाये पुन्हा दुसरा. पुढच्या वर्षी गाडी जड झाली, तेवढ्या छोट्या टायरांवर टायर कंपनीचं काम मागे पडत गेलं, आणि १९७७ च्या मोसमानंतर ती मैदानातून गेली. १९८३ पासून तर नियमच आला की चाकं चारच. कोणीतरी सगळ्यांपेक्षा वेगळा हिशोब मांडला आणि तो एकदा का होईना बरोबर आला, म्हणून माझा या गाडीवर जीव आहे.

शाळेत असताना माझ्याच्याने फक्त इंजिन जोडून झालं. बाकीचं किट पत्र्याच्या ट्रंकेत गेलं ते तिथेच राहिलं. मामांना आता ७८ वं चालू आहे. दर गणपतीला गेलो की पाणी द्यायच्या आधी विचारतात, "गाडी झाली का रे?" दोन वर्षांपूर्वी ते हे विचारताना भिंत धरून उभे होते. घरी आल्यावर मी ट्रंक उघडली.

काका, तुम्ही हाताने काम करणारे, म्हणून तुम्हाला सांगतो. कुपवाडच्या एमआयडीसीत मी दिवसभर व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, लोखंड कापतो. रात्री या गाडीवर बसलो की वेगळाच माणूस होतो. मागे उघडं दिसणारं कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन, आठ सिलिंडरांचं, म्हणून आठ प्लगच्या वायरी हव्यात. किटमध्ये त्या नव्हत्या. बंद पडलेल्या इअरफोनची वायर सोलून आतली तांब्याची तार घेतली, ०.४ मिलिमीटरच्या ड्रिलने बोटांनी फिरवत भोकं पाडली आणि एकेक तार बसवली. तीन रविवार गेले. सीटचे पट्टे केले, त्यांची बकलं पत्र्याच्या फॉइलमधून कापली. पिवळे पडलेले डिकल, म्हणजे गाडीवर लावायचे छापील स्टिकर, खिडकीच्या काचेला चिकटवून उन्हात पांढरे करून घेतले. बॉडीचा निळा रंग मात्र माझ्या हातून आरशासारखा बसेना. मामांकडे न्यायची गाडी, ती अशीतशी नको, म्हणून एका मोठ्या शहरातल्या, या कामात नावाजलेल्या माणसाकडे दिली. सहा हजार रुपये आगाऊ.

सात महिन्यांनी ती परत आली. पॉलिस्टायरीनवर, म्हणजे किटच्या प्लॅस्टिकवर, रंग पातळ करायच्या जहाल एनसी थिनरचा सरळ ओला थर मारला की प्लॅस्टिक विरघळायला लागतं आणि वाळताना अंगभर बारीक भेगा पडतात. तशा भेगा नाकापासून शेपटापर्यंत होत्या. आणि पुढच्या चारांपैकी एका चाकाची रिम नव्हतीच. नुसता रबरी टायर पिशवीच्या तळाशी.

थिनरची चूक कोणाच्याही हातून होते. माझ्याही हातून दुसऱ्या एका गाडीवर झाली आहे. त्याचा राग मी धरला नसता. पण फोन केला तर तो म्हणाला, "एवढंसं प्लॅस्टिक, पडलं असेल कुठेतरी." चूक झाली असं एकदाही नाही. नंतरच्या मेसेजला अंगठ्याचं चित्र आलं, त्यानंतर तेही नाही. भेगा घासून काढता येतात, मी काढल्याही. दोन महिने लागले. पण "एवढंसं प्लॅस्टिक" हे शब्द घासून जात नव्हते.

त्यानंतर चाकासाठी कुठे कुठे फिरलो! एका दुकानात सांगितलं, नवीन किट घ्या. नवीन किट म्हणजे मामांनी बोटीतून आणलेलं किट नव्हे, हे त्यांना मी काय सांगणार? थ्री-डी प्रिंटवाल्याकडे तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, एका नगासाठी मशीन लावत नाही, शंभर घेणार का? सहा चाकांच्या गाडीला शंभर चाकं.

त्याच दिवशी आईची मोडलेली कवळी घेऊन तुमच्याकडे आलो. डॉक्टरांनी सरळ लॅबमध्येच न्या म्हणून पाठवलं होतं. फळीवर प्लॅस्टरच्या जबड्यांची रांग, टेबलावर वाकवलेला दिवा आणि तुमच्या डोळ्याला लावलेलं भिंग. आई तुमचे हात बघत होती. मधेच म्हणाली, "आमच्या अण्णाच्या गाडीचं चाक यांना विचार की." अण्णा म्हणजे मामा, तिचा भाऊ. मला संकोच वाटला. दातांचं काम करणाऱ्या माणसाला खेळण्याचं चाक कसं विचारायचं? शेवटी आईनेच माझ्या खिशातली डबी काढून तुमच्यापुढे ठेवली. उरलेल्या तीन रिमा तिच्यात होत्या.

दहा इंची चाक वीसपट लहान केलं की १२.७ मिलिमीटर होतं, हरभऱ्यापेक्षा थोडं मोठं. तुम्ही ते चिमट्यात धरून दिव्याखाली फिरवलंत आणि विचारलंत, "गेलेलं कुठल्या बाजूचं?" इतक्या महिन्यांत हा प्रश्न विचारणारे तुम्ही पहिले.

मग तुम्ही जे केलंत, त्यासाठी खरं तर हे पत्र आहे. चाक करून दिलंत त्याचे आभार आहेतच, पण त्याआधी तुम्ही खणातून पावतीपुस्तक काढलंत. तेच छापील, मधे कार्बन घातलेलं, दातांच्या कामाचं. डॉक्टरांच्या नावाच्या जागी रेघ मारलीत. पेशंटच्या जागी माझं नाव लिहिलंत. काम : पुढचे डावे चाक, नग १. आणि खाली सावकाश, सुवाच्य अक्षरात : नमुन्यासाठी घेतले, चाक नग १, परत करणे. 'परत करणे'च्या खाली दोन रेघा. तारीख, सही. उरलेली दोन चाकं माझ्या डबीत घालून झाकण लावलंत. म्हणालात, "तिन्ही कशाला ठेवून घेऊ? एक पुरे."

ती पावती हातात घेऊन मी बाहेर आलो, स्कूटरवर बसलो आणि दोन मिनिटं मला किल्ली फिरवता आली नाही. आईने विचारलं, काय झालं? काही नाही म्हणालो. सहा हजार घेणाऱ्याने चिठ्ठीचा कपटा दिला नव्हता. तुम्ही अजून एक रुपया घेतला नव्हता, आणि दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे आली आहे हे कागदावर लिहून दिलंत. बाजारात त्या चाकाची किंमत विचाराल तर शून्य. माझ्या लेखी ते काय आहे, हे मी तुम्हाला धड सांगितलंही नव्हतं. तुम्हाला ते सांगावं लागलं नाही.

नवव्या दिवशी तुमचा फोन आला. गेलो तर आधी जुनं चाक माझ्या तळहातावर ठेवलंत. "हे घे, बघून घे, चरा नाही ना पडला?" मी बघितलं, मान हलवली, तेव्हा कुठे नवीन चाक पुढे केलंत. ते गुलाबी होतं. कवळीच्या हिरडीचं अ‍ॅक्रिलिक! जुन्या चाकावरून सिलिकॉनचा साचा घेऊन त्यात ओतलेलं. कडेची पाळी अर्धा मिलिमीटरसुद्धा नसेल, ती जशीच्या तशी उतरली होती. शेजारी आणखी एक पडलं होतं. ते का नको, विचारल्यावर म्हणालात, "आतल्या बाजूला बुडबुडा राहिला." आतली बाजू ब्रेककडे जाते, तिथे कोणाची नजर पोचणार नव्हती. तरी तुम्ही दुसरं केलंत.

पैसे किती विचारल्यावर कवळीच्या बिलाखाली लिहिलंत, मटेरियल ८० रुपये. मी पाचशेची नोट पुढे केली तर रागावलात. मग फुकट का नाही देत, असं आईने चेष्टेने विचारलं. तुम्ही म्हणालात, "फुकट दिलं तर हा पुन्हा यायला लाजेल." ही समज कुठे शिकलात, काका?

तुमच्या पावतीपासून मला अशी माणसं सारखी आठवताहेत. आमच्या गल्लीतले शिंपीकाका उरलेल्या कापडाची सुरळी करून शिवलेल्या शर्टाच्या खिशात घालून द्यायचे. बोटभर तुकडा असला तरी. पंपाचा मेस्त्री बदललेला जुना बेअरिंग कागदात गुंडाळून हातात देतो, भंगारात टाकायचा तर तुम्ही टाका म्हणतो. पिठाच्या गिरणीत ताईंकडे वीस डबे रांगेत असतात, पण आमच्या ज्वारीत कधी दुसऱ्याचा गहू आला नाही. यांना कोणी पुरस्कार देत नाही, यांचे फोटो कुठे येत नाहीत. दुसऱ्याची वस्तू दुसऱ्याची म्हणून सांभाळायची, एवढंच ते करतात, आणि माझ्या मते गाव चालतं ते यांच्यावर. नावाजलेल्या माणसाकडे जाताना मी हे विसरलो होतो.

आता गाडीबद्दल. पी-३४ च्या कॉकपिटला दोन्ही अंगांना छोट्या पारदर्शक खिडक्या आहेत. पुढची चाकं इतकी लहान की ड्रायव्हरला ती बसल्या जागेवरून दिसत नसत, म्हणून ठेवलेल्या. परवा रात्री मी टॉर्च धरून डाव्या खिडकीतून डोकावलो, शेक्टरची नजर जिथे जात असेल तिथे. तुमचं चाक दिसलं. बाहेरून चारही चाकांना एकच रंग दिलाय, शेजारी शेजारी ठेवली तरी तुमचं कुठलं ते ओळखू येत नाही. आतल्या बाजूला मात्र मी रंग लावलेला नाही. गाडी उलटी केली की एकच चाक गुलाबी दिसतं. ते तसंच राहणार आहे. मामांना ते दाखवून सगळं सांगणार आहे. आईने सांगून टाकलंय की माझे दात आणि अण्णाचं चाक एकाच हातचं आहे, हे मीच सांगणार, तू मधे बोलायचं नाहीस.

गणपतीला गुहागरला जायच्या आधी गाडी तुमच्याकडे घेऊन येतो. बुधवारी लॅब बंद असते ना? मग गुरुवारी सकाळी, पेशंट यायच्या आधी. काकूंनाही थांबायला सांगा. पावती माझ्या पाकिटात आहे. तिच्यावर खाली उजव्या कोपऱ्यात 'माल मिळाला' अशी एक ओळ छापलेली आहे आणि पुढे सहीची जागा मोकळी आहे. त्या दिवशी चाक बघण्याच्या नादात ती सही करायची राहूनच गेली. ती तुमच्यासमोर करीन.

तुमचा,
पुढचे डावे चाक, नग १